विश्लेषण : जुन्या कार्डाचे मोल अर्ध्या मिलिमीटरवर? काय असते ‘सेंटरिंग’? गंजिफेला ते का लागू होत नाही?

नव्वदच्या दशकात शाळेच्या दप्तरात लपवलेली कुस्तीपटूंची ट्रम्प कार्डे, परदेशातल्या नातेवाईकाने आणलेली क्रिकेट किंवा पोकेमॉन कार्डे, नाहीतर आजोबांच्या पेटीतला गंजिफांचा डबा. अशा वस्तूचा फोटो मोबाइलवरून एखाद्या खरेदीदाराला पाठवला, की हल्ली एक उत्तर हमखास येते : ‘सेंटरिंग बरोबर नाही, एवढे पैसे मिळणार नाहीत.’ मुंबई-गोवा महामार्गावरून सिंधुदुर्गात शिरताच लागणाऱ्या खारेपाटणसारख्या गावात असा जुना ठेवा सहज निघू शकतो, पण तो पारखणारा जवळपास सापडणे कठीण. त्यामुळे समोरच्याचा शब्दच प्रमाण मानला जातो. म्हणूनच ही कसोटी काय आहे आणि ती कुठे थांबायला हवी, हे विकणाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे.

सेंटरिंग म्हणजे काय?

छापील कार्डावर चित्राभोवती कोरी किनार असते. डावी-उजवी आणि वरची-खालची किनार सारखी असेल, तर कार्डाचे सेंटरिंग ५०/५०. समजा डावी किनार ३.६ मिमी आणि उजवी २.४ मिमी आहे. बेरीज ६ मिमी. त्यातला डावीचा वाटा ६० टक्के, म्हणून सेंटरिंग ६०/४०. याचा अर्थ चित्र मध्यापासून फक्त ०.६ मिमी सरकले आहे. ५५/४५ साठी हे सरकणे अवघे ०.३ मिमी असते. बॉलपेनच्या रिफिलचे टोकसुद्धा बहुधा याहून जाड असते.

चित्र सरकते कसे?

कार्डे एकेक करून छापली जात नाहीत. मोठ्या कागदावर अनेक कार्डे ओळीने छापून नंतर यंत्राने कापतात. कागदांची थप्पी किंचित हलली, पाते जरा तिरपे बसले किंवा छपाईच कागदावर सरकून झाली, की किनार एका बाजूला जाड होते. जुन्या काळी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात किंवा च्युइंगमसोबत मिळत. ती कधीकाळी तिजोरीत जातील, हे कापणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. म्हणूनच जुने आणि नेमके मधोमध असलेले कार्ड दुर्मीळ ठरते आणि दुर्मीळतेला पैसे मिळतात. १९५२ च्या टॉप्स मालिकेतले बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याची श्रेणी होती दहापैकी ९.५.

श्रेणी देताना किती सूट मिळते?

पीएसए ही अमेरिकी संस्था १९९१ पासून कार्डांना १ ते १० अशी श्रेणी देते. सेंटरिंगसोबत कोपरे, कडा आणि पृष्ठभागही तपासला जातो. पाठीमागच्या बाजूला पुढच्या बाजूपेक्षा जास्त सूट असते. सर्वोच्च १० श्रेणीसाठी पुढची बाजू साधारण ६०/४० पर्यंत चालत असे. २०२५ मध्ये ही मर्यादा ५५/४५ वर आणली गेली.

खरा मुद्दा इथेच आहे. निकष बदलला त्या दिवशी एकाही कार्डाची किनार हलली नाही. आदल्या दिवशी दहात बसू शकणारे कार्ड दुसऱ्या दिवशी बसेनासे झाले, एवढेच. म्हणजे सेंटरिंगचे मोजमाप वस्तुनिष्ठ असले, तरी रेघ कुठे ओढायची हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे. किमतीतला मोठा फरक त्या रेघेवर टांगलेला असेल, तर श्रेणीच्या एका आकड्याआड प्रत्यक्ष माप झाकले जाऊ नये. ‘५७/४३’ असे माप प्रत्येक कार्डावर छापले, तर ग्राहक स्वतः ठरवू शकेल.

रेघेचा मोह किती महागात पडतो?

१९०९ ते १९११ दरम्यानच्या टी-२०६ मालिकेतले होनस वॅगनर यांचे कार्ड या छंदातले सर्वांत गाजलेले. त्याच्या एका प्रतीला पीएसएने ८ श्रेणी दिली आणि २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना विकली गेली. पुढे लिलावदार बिल मास्त्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले, की त्या कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. किनार सारखी करण्यासाठी घरातल्या कार्डाला कात्री लावण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर ही गोष्ट आठवावी. कापलेले कार्ड आकाराने लहान होते, आणि ते उघड झाले की श्रेणी नाकारली जाते. वाकडे पण अस्सल कार्ड कधीही बरे.

मग गंजिफेचे काय?

खारेपाटणच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात सावंतवाडी आहे. तिथल्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात : दहा अवतार आणि प्रत्येकाची राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंत बारा पाने. ती छापलेली नसतात, हाताने रंगवलेली असतात. ही कला मावळत असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांचे काम पुन्हा सुरू केले.

अशा पानावर मत्स्य किंवा कूर्म मध्यापासून थोडा सरकलेला दिसला, तर तो दोष नव्हे. सेंटरिंग मोजते ते यंत्राची चूक. इथे यंत्रच नाही. गंजिफेचे मोल वेगळ्या प्रश्नांवर ठरते : संच पूर्ण आहे का, लाखेचा थर तडकला आहे का, रंग मूळचे आहेत की नंतर भरलेले, डबा सोबत आहे का. खेळणाऱ्याच्या दृष्टीने तर पाठ महत्त्वाची. सगळ्या पानांची पाठ सारखी नसेल, तर हातातले पान समोरच्याला ओळखू येईल.

विकण्याआधी काय कराल?

छापील कार्ड असेल तर फोटोवर विसंबू नका. मोबाइल जरा तिरपा धरला तरी किनार असमान दिसते. कार्ड स्कॅनरवर सपाट ठेवा, चारही किनारी मोजा, आडवे आणि उभे गुणोत्तर स्वतः काढा. दोन्हींपैकी जे वाईट, ते धरा. त्यानंतरच समोरच्याचे म्हणणे ऐका. गंजिफा असेल तर पाने आधी मोजा आणि संच फोडून विकू नका. आणि कुणी गंजिफेचे सेंटरिंग काढून भाव पाडू लागला, तर डबा बंद करा. त्याला एक तर गंजिफा कळत नाही, किंवा फार चांगली कळते.