मृग लागण्याआधी पुढचा टायर बघा

दुचाकीवाल्यांनो, मृग नक्षत्र सात-आठ जूनला लागतं. त्याआधी एका सकाळी गाडी डबल स्टँडवर घ्या आणि पुढच्या चाकाशी खाली बसा. मागचा टायर लवकर झिजतो, गोटा झाला की पंक्चरवालाच बदलायला लावतो. पुढचा मात्र ‘नक्षी आहे की अजून’ म्हणत वर्षानुवर्षं फिरत राहतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि वळणही पुढचंच चाक घेतं. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायला वाव असतो. पुढचं सुटलं की कळायच्या आत माणूस रस्त्यावर असतो, आणि मागून एसटी येत असते.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सगळ्यांचा दोष टायरचा होता असं कुणी म्हणणार नाही. पण खड्डे, पाऊस आणि समोरून येणारा डंपर आपल्या हातात नाहीत, टायर आहे.

तर कुणाला तरी गाडी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि ते हळूहळू फिरवा. टायरच्या कडेवर इंग्रजीत टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारीक त्रिकोण सापडेल. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बोट फिरवलं की रबराचा एक छोटा उंचवटा लागतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नियमानं दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, म्हणजे जेमतेम एटीएम कार्डाच्या जाडीएवढी. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. पाणी बाहेर फेकायला एवढी खाच पुरत नाही, म्हणून रोज पावसात गाडी काढणाऱ्यानं दोन मिलिमीटरवरच टायर उतरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाच शाबूत असली तरी काम संपलं नाही. खाचेच्या तळाशी आणि कडेवर बारीक भेगा दिसतात का बघा. नख दाबा. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, आणि कडक रबर ओला रस्ता धरत नाही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा असा संकेत आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात तेवढीही वाट पाहू नये. वडिलांची जुनी गाडी कॉलेजला जाणाऱ्या पोराला देताना तर हे आधी बघा. किल्लीबरोबर नवं हेल्मेट देणारे बाप पुष्कळ, पुढचा टायर बदलून देणारे फार थोडे.

आता दुकानात. दुकानदारानं टायर पुढे केला की भाव विचारण्याआधी त्याच्या कडेवरचे लांबट चौकटीतले चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘नवाकोरा’ म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर सरळ दुसरा मागा. आयएसआय चिन्ह बघा, पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलाविना स्वस्त देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, वॉरंटीच्या वेळी तो ओळख दाखवणार नाही.

साइजचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त हौस इथेच होते. सिंगल डिस्कवाल्या पल्सर १५०च्या मागच्या टायरवर १००/९०-१७ असतं. रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. पुढे ५५पी असेल तर पूर्ण हवेत तो टायर २१८ किलो पेलतो आणि ताशी १५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालतो. दुधाचे कॅन लावणाऱ्यांनी आणि पार्सल पोहोचवणाऱ्यांनी हा वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी अजिबात घेऊ नये. आता त्याच रिमवर १२० किंवा १३०चा टायर चढवला की गाडी दिसते झकास. पण अरुंद रिममध्ये टायरच्या कडा आत ओढल्या जातात, माथा जास्त गोल होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग बिघडतो. गाडी वळणात जड लागते, टायर चेनकव्हरला घासतो. चौड्या टायरनं ग्रिप वाढते हा समज गॅरेजच्या कट्ट्यावरच राहू द्या.

‘किती किलोमीटर चालेल?’ हा प्रश्नही जरा मागे ठेवा. जास्त चालणारं रबर बहुधा कडक असतं. ताम्हिणीत, आंबोलीत किंवा आंबा घाटात वळणावर जांभ्याचा लाल चिखल आलेला असतो. शहरात पहिल्या सरींनी तेल आणि धूळ वर येते, त्यात पेव्हर ब्लॉक, पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यावरचं लोखंड. तिथे पाच हजार किलोमीटर कमी चालणारा, पण ओल्यात धरणारा टायरच स्वस्त पडतो. बटण टायर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. रोज डांबरी रस्त्यावरच जायचं असेल तर नको.

गुळगुळीत टायरमध्ये गरम पातीनं पुन्हा खाचा पाडून, काळं पॉलिश मारून विकणाऱ्यांपासून लांब राहा. उरलेलं पातळ रबर कापलं की आतले धागे अगदी जवळ येतात. टायरवाल्या बंधूंनाही हात जोडून सांगणं आहे की असला माल ठेवू नका. डिलिव्हरीच्या पोरांना आपण ‘लवकर ये’ म्हणतो, त्यांचे टायर त्यांच्याच खिशातून येतात. ज्यांना झेपेल त्या दुकानमालकांनी यंदा आपल्या पोरांच्या टायरचा अर्धा खर्च उचलावा.

आऱ्यांचं चाक असेल तर टायरबरोबर ट्यूबही नवी घ्या. अलॉयवर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवा. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का, हे बसवतानाच बघा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी वळणात झोपवू नका, ब्रेकही सांभाळून दाबा. हवेचा आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो, तो टायर गार असताना बघून भरायचा, पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजानं नाही.

पाऊस लागला की टायरच्या दुकानात रांग लागते, हवी ती साइज नसते आणि असेल तो टायर बसवून माणूस घरी जातो. म्हणून आत्ताच जा. साइज नसेल तर मागवायला सांगा.