भिंतीवरचे बिगूल

आजचा थ्रेड एका खरेदीविषयी आहे आणि तो थोडा चिडून लिहिला आहे.

जुन्या बाजारांत आणि ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांना ‘अस्सल १८५७ चे बिगूल’ मिळते. पिवळेधमक पितळ, त्यावर मुकुट, एखाद्या पलटणीचे नाव आणि खाली सालाचा ठसा. महाविद्यालयात असताना मीही एक घेतले होते. मोठ्या अभिमानाने ते लग्नाच्या बँडमधील एका वयोवृद्ध मास्तरांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा फुंकले आणि परत देताना एवढेच विचारले, “भिंतीला खिळा ठोकलास का?”

त्यांना काय कळले होते? बिगुलाला ना छिद्रे, ना कळा. ओठांचा ताण बदलून नळीतील हवेचे नैसर्गिक स्वर काढायचे, एवढेच. सारे लष्करी इशारे त्यांतील पाच स्वरांवर उभे आहेत. आपल्या भाषेत सा, प, तार सा, तार गंधार आणि तार पंचम. हे पाच स्वर एकमेकांशी जुळतात ते नळीच्या हळूहळू रुंदावत जाणाऱ्या घेरामुळे. घेरच चुकला, तर रियाज फारसा कामी येत नाही.

म्हणून जाणता कारागीर पत्र्याचा सांधा झाळतो, साच्यावर ठोकून भोंग्याला आकार देतो, मधूनमधून धातू तापवून मऊ करतो. नळी वाकवण्याआधी तीत राळ किंवा शिसे ओततो, म्हणजे वळणावर सुरकुती पडत नाही. (पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठोक्याचे मोल सांगायला नको.) माझ्या बिगुलाच्या वळणावर सुरकुत्या बोटाला लागत होत्या, सांधे डाखाने कसेबसे चिकटवले होते आणि माउथपीस नळीलाच कायमचा जोडलेला होता.

सालाचे म्हणाल, तर ब्रिटिश पायदळाचे परिचित बिगूल मुख्यतः तांब्याचे असते. पितळ असते ते कडेला आणि जोडांना. अंगभर पितळ चमकत असेल, तर इतिहासप्रेमी माणसाने तिथेच थबकायला हवे. राजमुद्रा कोरलेल्या ‘शिवकालीन’ तुताऱ्यांचेही तेच. मुद्रा कागदपत्रांवर उमटवायची असते, हे आपल्यालाच आठवू नये?

शोभेची वस्तू शोभेची म्हणून घेतली, तर माझी तक्रार नाही. पण हेच बिगूल हौसेने शाळकरी मुलाच्या हाती दिले जाते. पंचम लागत नाही, आणि दोष आपल्याच छातीत आहे असे समजून ते मूल वाद्य कायमचे खाली ठेवते. याचा मला खरा राग आहे.

दुसरा राग कारागिरांच्या वतीने. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्ये घडतात. तेथील नादिर अली यांची पेढी १८८५ची. त्याच देशात, त्याच तांब्या-जस्ताच्या मिश्रणातून वाजणारे वाद्यही बनते. तरीही भारतीय बनावटीचे म्हटले की परदेशी वादक सावध होतात, त्याला हा दिखाऊ मालही कारणीभूत आहे.

तेव्हा घ्यायचेच असेल, तर बँडवाल्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात जा. पोचे आलेले, पण वाजलेले बिगूल मागा. माउथपीस निघतो का पाहा, आणि पैसे देण्यापूर्वी जाणकाराकडून सा आणि प वाजवून घ्या.

माझे बिगूल अजून घरी आहे. त्यावरचे साल मात्र मी कानशीने घासून टाकले.