रोधक पेप्टाइडाची साक्ष

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी वाचकास ठाऊक असलेच, तर ते दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील मुक्तांबाळ छत्रामुळे. आज तेथे तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. शेळ्यामेंढ्यांच्या ऊतींचा अभ्यास करणाऱ्या अशा संस्थांपुढे एक अडचण नेहमी उभी असते. बाजारात मिळणारे बहुतेक प्रतिपिंड माणसाच्या किंवा उंदराच्या प्रथिनांवरून बनविलेले असतात.

अस्थिजनक प्रथिनांचेच उदाहरण घ्यावे. क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत रोवले असता तेथे नवे हाड तयार होते, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखविले. त्या गुणास कारण असलेल्या प्रथिनांची जनुके १९८८ साली हाती आली. त्यांपैकी बीएमपी-२ ओळखू शकेल असा प्रतिपिंड हवा असल्यास त्या प्रथिनातील दहावीस ॲमिनो अम्लांचा तुकडा कृतीने जुळवून सशास टोचतात. तोच तुकडा पुढे रोधक पेप्टाइड म्हणून विकला जातो. प्रतिपिंडात तो विपुल प्रमाणात आधी मिसळला, की प्रतिपिंडाच्या बंधनाच्या जागा भरून जातात आणि ऊतीवर रंग उमटत नाही. रंग गेला, म्हणून ओळख खरी, असा निष्कर्ष मग काढला जातो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. एकाच किल्लीने दोन कुलपे उघडत असतील, तर किल्लीचे दाते मेणाने भरल्यावर दोन्ही उघडणार नाहीत. त्यावरून आपले कुलूप कोणते हे कसे कळावे? बीएमपी-२ आणि बीएमपी-४ ही तर सख्खी भावंडे. त्यांच्यात सारख्या असलेल्या भागावरून बनविलेला प्रतिपिंड दोघांसही धरील, आणि पेप्टाइड दोन्ही रंग सारखेच पुसून टाकील. शिवाय तुकडा माणसाच्या प्रथिनाचा असल्यास शेळीच्या प्रथिनाविषयी ही परीक्षा मौनच पाळते.

ऊतीच्या नावावर विसंबणेही धोक्याचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ मेंढीतील जे जनुक दख्खनी मेंढ्यांत आणले, ते अशाच प्रथिनांच्या एका ग्राहकाचे आहे. त्यातील एकाच ॲमिनो अम्लाच्या बदलामुळे मेंढीस जुळी कोकरे होतात, हे २००१ साली उघड झाले. तेव्हा हाडाचे नाव धारण करणारे प्रथिन बीजांडकोशात आढळले, तर ती चूक समजावी की शोध? पेप्टाइड हा निवाडा करू शकत नाही.

प्रतिपिंडांची पारख कशी करावी, याचे पाच मार्ग एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली सुचविले; रोधक पेप्टाइडाची परीक्षा त्यांत नाही. तरीही ते फेकून द्यावे असे नव्हे. पेप्टाइड मिसळूनही जो रंग टिकतो तो खोटा, एवढे ते स्वस्तात सांगते. पण जो रंग जातो, त्याच्या खरेपणासाठी ते जनुक निष्प्रभ केलेल्या पेशी घ्याव्यात, प्रथिनाच्या दुसऱ्या भागावरून बनविलेला प्रतिपिंड लावून पाहावा, आणि या साऱ्याच्या आधी शेळीच्या व माणसाच्या प्रथिनांतील तो तुकडा अक्षरशः शेजारी मांडून वाचावा. या शेवटच्या कामास तर पैसाही लागत नाही.