शिक्षणाचा खर्च आणि घरचा विवेक

१९६१ पूर्वी कला वा विज्ञान शाखेची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय तरुणाला घाट ओलांडून बेळगाव-धारवाड नाही तर मुंबई-पुणे गाठावे लागे. खोली आणि खानावळीच्या खर्चापायीच कित्येकांचे शिक्षण खुंटले. १९६२ साली पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, १९८५ साली विद्यापीठ आले, आणि हा अडसर दूर झाला. तरीही इथे मिळणारी पदवी केवळ प्रतिष्ठेपायी परगावी घेण्यासाठी कर्ज काढणारे पालक आहेतच. याला आम्ही विवेक म्हणणार नाही. कदंबच्या सवलतीच्या पासावर घरून ये-जा करून शिकण्यात कमीपणा कसला?

परगावी जाणे अपरिहार्यच असेल, तर सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करावी. शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरावेत. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या धावपळीआधीच काढून ठेवावा. महागडे ग्रंथ विकत घेण्यापूर्वी पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय धुंडाळावे. चतुर्थीला हजारोंची आरास करणाऱ्या मंडळांनी व देवस्थानांच्या महाजनांनी गावोगाव पुस्तकपेढ्या उघडल्या, तर तीही देवसेवाच ठरेल.

मात्र काटकसरीची कुऱ्हाड मुलीच्या शिक्षणावर पडता कामा नये. मुलाच्या हौसेसाठी कर्ज आणि मुलीच्या फीसाठी हात आखडता, हा हिशेब अन्यायाचा आहे. खर्च जरूर कापावा. पण तो थाटाचा, विद्येचा नव्हे.