पातेल्याचा तळ

पाहुण्याला देव मानावे, असे तैत्तिरीय उपनिषदाने यजमानाला बजावले. पण देव झालेल्या पाहुण्याने कसे वागावे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगितले नाही. त्यामुळे पाहुणचारात परीक्षा होते ती यजमानाची, त्यातही त्या घरच्या बाईची. पाहुणा जेवतो आणि ढेकर देऊन निकाल सांगतो.

वेळेवर येणे, गप्पांत रंग भरणे, स्वयंपाकाचे कौतुक करणे हे सगळे चांगलेच. पण माझ्या लेखी चांगला पाहुणा तो, ज्याला पानावर बसल्या बसल्या दोन गोष्टी कळतात : पातेल्यात किती उरले आहे आणि घरात अजून कोण जेवायचे आहे.

पूर्वी पुण्यासारख्या गावात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात वार, सात घरे. कुठे किती मागावे आणि कुठे एका वाढपावर उठावे, हे त्या पोरांना शिकवावे लागत नसे. दुबळ्या पाहुण्याला पातेल्याचा तळ चटकन दिसतो. पाहुणा जितका मोठा, तितकी त्याची ही नजर अधू होत जाते.

मोठ्या पाहुण्याची ही अडचण मी बँकेच्या नोकरीत जवळून पाहिली. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँका खेड्यापाड्यांत पोचल्या. ऐंशीच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज काढून घेतलेली म्हैस खरोखर दावणीला आहे का, हे पाहत आम्ही हिंडत असू. दुपारी कुठल्या तरी ओसरीवर हाक येई, "साहेब, भाकर खाऊन जा." नाही म्हणावे तर घराचा अपमान. हो म्हणावे तर मागच्या दाराने शेजारी तेल उसने आणायला पोर पळणार. आणि ज्याच्या सहीवर पुढचे कर्ज अडले आहे, त्याच्या ताटात भाकरीबरोबर थोडी भीतीही वाढलेली असणार.

आमच्या शाखाधिकाऱ्यांनी यावर स्वतःपुरती एक रीत घालून घेतली होती. म्हैस पाहून झाली की तिथेच उभ्याने शेरा लिहायचा, कागद पिशवीत टाकायचा आणि मगच हातपाय धुवायचे. त्या भाकरीने शेऱ्यातले एक अक्षरही बदलणार नाही, हे घरधन्याला बोलण्यावाचून कळे. मग ते म्हणत, "घरात आहे तेच वाढा. नवीन काही चुलीवर चढवलंत तर मी उठलो. आणि पोरांना पंगतीला घ्या." पोरे शेजारी जेवत आणि साहेबही घरातलाच एक होऊन जाई.

आपल्याकडचा आग्रह हाही एक पेचच आहे. दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचे, या रिवाजात खरे 'नको' कोणते हे वाढणारीला कळत नाही. ती बिचारी वाढत राहते, आणि अन्न ताटात राहते. पाहुण्याचे 'नको' आणि 'हवे' दोन्ही खरे असावे. भूक असेल तर मागून घ्यावे. त्यात यजमानाचा मानच आहे.

कादंबरीत एखादे पात्र हाताला लागेना की मी त्याला कुणाच्या तरी घरी जेवायला बसवतो. तिथे माणूस फार वेळ सोंग करू शकत नाही.

आता फोन केल्याशिवाय कोणी कुणाकडे जात नाही, आणि पुष्कळदा जेवणही बाहेरून येते. तरी असंख्य घरांतून अजूनही "तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते" हे वाक्य ऐकू येते. ती सगळ्यांच्या मागून जेवते, उरलेले आणि गार. तिला नुसते "तुम्हीही बसा की" म्हणून भागत नाही. आपल्या शेजारी तिचे पान मांडायला लावावे आणि ती येऊन बसेपर्यंत घास उचलू नये. पोळी थोडी गार होईल. होऊ द्यावी.