किल्लेदाराची मिशी

परवा संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक फुगलेलं तोंड येऊन बसलं. हाक मारली तर ओ नाही. लाडू पुढे केला, तर तोही बाजूला सारला. आता बोला!

नवीन जालन्यात आमच्याच गल्लीत राहणारी ही सहावीतली मुलगी. शाळा मुलींची, स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलेलं आणि नाटक शिवकालातलं. साहजिकच मावळेही मुली आणि मोगलही मुलीच. आमच्या या बाईंच्या वाट्याला आला होता किल्लेदार. कमरेला तलवार, ओठावर भरघोस मिशी! संवाद तर पंधरा दिवसांपूर्वीच पाठ होते. पण घरी आजीनं नाक मुरडलं, "पोरीच्या जातीला मिशी काहून?" आणि समोरच्या पोरांनी "ए मिशीवाली" अशी आरोळी ठोकली. झालं! "मी नाटकातच नाही," असं जाहीर करून ती आमच्याकडे आली होती.

मी म्हणाले, "नसशील तर नको. पण एका मुलीची गोष्ट ऐकून तरी जा."

विक्रम गोखले तुमच्या आईबाबांना चांगले ठाऊक असतील. २०२२ साली ते गेले. त्यांचे वडील चंद्रकांत गोखले हेही मोठे नट. आणि चंद्रकांतांच्या आई कमलाबाई गोखले, माहेरच्या कामत. त्यांचीच ही गोष्ट.

कमलाचा जन्म १९०० सालचा. ती अगदी लहान असताना आईवडील वेगळे झाले. आई दुर्गाबाई लेकीला घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी एकट्या बाईनं पोट भरायचं ते कसं? दुर्गाबाईंनी नाटकात काम करायचं ठरवलं. आज हे वाचताना काही वाटत नाही, पण तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं रंगभूमीवर पाऊल ठेवणं म्हणजे आपल्याच माणसांना पारखं होणं. दुर्गाबाईंनी ते सोसलं. कमलाचं लहानपण मग नाटक कंपनीच्या बिऱ्हाडातच गेलं. आज या गावी, उद्या त्या गावी, संगतीला पडद्यांच्या वळकट्या आणि कपड्यांच्या पेट्या. चार-पाच वर्षांची असतानाच ती रंगमंचावर उभी राहिली. ज्या वयात आपण गॅदरिंगमध्ये ससा होतो आणि मध्येच आईला हात करतो, त्या वयात ही पोर पोटासाठी काम करत होती.

त्या वेळी नाटकात नायिकेचं काम कोण करी? पुरुष! बालगंधर्व शालू नेसून आले की बायकासुद्धा त्यांची नेसण्याची ढब बघत राहत. सिनेमातही तीच तऱ्हा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला. त्यातल्या तारामतीच्या कामासाठी त्यांनी खूप शोधलं, पण बाई काही मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी तारामती केलं. बरं, पुरुषांना तरी हे सोपं होतं का? वडील वारले की मिशी काढायची, अशी रीत. म्हणजे वडील हयात असताना ओठ साफ करून घरी जायचं, तर केवढा गहजब!

(इथं आमच्या किल्लेदारबाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे त्यांना काढायची पंचाईत आणि मला लावायची?")

हरिश्चंद्रानंतर फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढायला घेतला. या वेळी मात्र त्यांना खऱ्या स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला झाली मोहिनी. भारतीय सिनेमात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया, मायलेकी! गंमत अशी की कमला होती गाण्याच्या नाटकांत वाढलेली आणि सिनेमा होता मुका. आवाजाचा उपयोग नाही, टाळी नाही, वन्समोअर नाही. समोर हातानं फिरवायचा कॅमेरा. जे काही सांगायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी. भस्मासुराला नाचवत नाचवत स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावायचा होता ना!

पुढे रघुनाथराव गोखल्यांशी तिचं लग्न झालं. तेही नाटकातलेच, गोखल्यांची स्वतःची कंपनी होती. नवराबायको एकत्र काम करत. पण कमलाबाई पंचविशीच्या आसपास असतानाच रघुनाथराव गेले. पदरी लहान मुलं. एकदा आईनं जे केलं तेच आता लेकीनं केलं. तोंडाला रंग लावला आणि उभी राहिली.

आणि आता तुझ्या मिशीचं ऐक. त्या काळी नुसत्या स्त्रियांच्याही नाटक कंपन्या होत्या. तिथं राजा बाई, प्रधान बाई, खलनायकही बाई. कमलाबाईंनीही पुरुषांची कामं केली. तिकडे पुरुष शालू नेसताहेत आणि इकडे बाई पुरुष होऊन उभी आहे! माईक नाही, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तोही पुरुषी ठसक्यानं. आणि नाटक संपलं की बिऱ्हाडी परत, पोरं वाट बघताहेत.

तीन मुलं वाढवली त्यांनी या कमाईवर. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. कमलाबाई पुढे बोलपटांतही दिसल्या. पार म्हाताऱ्या झाल्यावर रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी, नव्वदी उलटल्यावर, कमलाबाई गेल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. 'पहिली अभिनेत्री' म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येतं. त्या पन्नास वर्षं काय करत होत्या, ते त्या ओळीत मावत नाही. दुर्गाबाईंचं नाव तर बऱ्याचदा येतच नाही.

गोष्ट ऐकून बाईसाहेब काही न बोलता उठल्या. बाजूला सारलेला लाडू मात्र उचलला. मला वाटलं, गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, मागे आजी.

"मावशी, डिंकानं मिशी चिकटवली की खाजतं का हो?"

आजी पदरानं तोंड झाकून म्हणाली, "चिकटवती काहून? काजळानं काढून देते मी. चांगली पल्लेदार."