घरबसल्या जग आणि घरी बसवलेल्या बायका

‘घरबसल्या’ हा शब्द हल्ली फार गोड झाला आहे. घरबसल्या बँक, घरबसल्या भाजी, घरबसल्या डॉक्टर आणि आता घरबसल्या जगाची सफर. ज्याला कधीही बाहेर पडता येतं, पण आज कंटाळा आला आहे, त्याच्यासाठी ही सोय. ज्या बाईला घराबाहेर पडायचं तर तिघांची परवानगी लागते, तिच्यासाठी ‘घरबसल्या’ ही सोय नव्हे. ती तर आधीपासून घरीच बसलेली आहे. व्हर्च्युअल टूरच्या कौतुकात हा फरक कुणी करताना दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कौतुक करून घेते, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने 17 संग्रहालयं घेऊन आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. आज त्याच व्यासपीठावर दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, हैदराबादचं सालारजंगही आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची 717 गिगापिक्सेलची प्रतिमा जानेवारी 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यासाठी 8,439 छायाचित्रं जोडली आहेत. प्रत्यक्ष दालनात उभ्या असलेल्या माणसाला चित्रापासून अंतर राखावं लागतं. फोनवर मात्र रंगाला गेलेली बारीकशी भेगही मोठी करून पाहता येते. ‘स्क्रीनवर पाहणं म्हणजे काय पाहणं’ असं नाक मुरडणारे लोक बहुधा दोन-तीनदा विमानात बसून आलेले असतात. त्यांचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांची महिन्यातून दोनदा बैठक होते. रेशनकार्ड, मुलांच्या शिष्यवृत्त्या, कुणाच्या तलाकचं प्रकरण, असे विषय असतात. शेवटची वीस मिनिटं आम्ही फोनवर काहीतरी पाहतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी 2017 मध्ये आपल्या सुमारे 3 लाख 75 हजार प्रतिमा सर्वांना मोफत वापरायला दिल्या. त्या संग्रहात इसवी सन 1700 च्या सुमाराचं एक दख्खनी चित्र आहे : घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करणारी चांदबिबी. एका खालांनी चष्मा नाकावर सरकवून विचारलं, “ये घोड़ेपर बैठी सो कौन है?” मी सांगितलं, ही आपल्या नगरची. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहाची बायको. 1595 मध्ये मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हिने तो लढवला. रेशनकार्डाचा विषय त्या दिवशी राहून गेला. बायका बोलत राहिल्या त्या एकाच गोष्टीवर, की ही बाई मैदानात आहे, उघड्यावर आहे आणि चित्र काढणाऱ्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलेलं नाही. हे चित्र पाहायला न्यूयॉर्कला जाणं आमच्यापैकी कुणालाही या जन्मी परवडणारं नव्हतं. एवढ्यापुरतं तंत्रज्ञानाचं ऋण मी मानते.

पण त्याच बैठकीची पुढची हकीकतही सांगायला हवी. एका मुलीने बारावीनंतर कॉलेजच्या सहलीला जायची परवानगी मागितली. तिचे वडील म्हणाले, “आता सगळं फोनवर दिसतं. बसमध्ये धक्के खायला कशाला जायचं?” बोलणं प्रेमाचंच होतं. पूर्वी परवानगी नाकारताना निदान कारण तरी द्यावं लागायचं, जमाना खराब आहे, लोक काय म्हणतील वगैरे. आता नकारच भेट म्हणून देता येतो. जुन्या वाड्या-हवेल्यांमध्ये जनान्याच्या खिडकीला दगडी जाळी असायची. आतून बाहेरचा रस्ता दिसायचा, बाहेरून आतली बाई दिसायची नाही. फोनची काच तशीच वापरली जाण्याची मला भीती वाटते. त्यातही अनेक घरांत तो फोन भावाचा असतो आणि काय पाहिलं ते रात्री तपासलं जातं.

बारकाईने पाहा, या सफरींमध्ये माणसंच नसतात. संग्रहालयांची दालनं बहुधा रिकामी असताना टिपलेली. रस्त्यांवर माणसं आहेत, तर त्यांचे चेहरे पुसलेले. जुलै 2022 मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतातल्या दहा शहरांत सुरू झालं. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्याबरोबर आपलं नगरही होतं. आमच्यातल्या एकीने लगेच आपल्या माहेरचा रस्ता शोधला. कोपऱ्यावरचं दुकान सापडलं, ती आनंदून गेली. पण गाडी मोठ्या रस्त्यावरून गेलेली, गल्लीत शिरलेलीच नाही. आणि दुकानासमोर उभ्या माणसाचा चेहरा धूसर, तो आपला चाचा की आणखी कुणी ते तिला सांगता येईना.

एप्रिल 2020 मध्ये, सगळं जग बंद असताना, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी एक वेगळी गंमत केली. तिथला एखादा रहिवासी अंगावर कॅमेरा लावून डोंगरात फिरायचा आणि घरी बसलेला पाहुणा फोनवरून त्याला डावीकडे, उजवीकडे वळवायचा, पळायला, उडी मारायलाही लावायचा. मला हा प्रकार इतर सगळ्या गुळगुळीत टूरपेक्षा जास्त आवडला. निदान पलीकडे एक हाडामांसाचा माणूस होता, त्याला दम लागत होता.

प्रवासात आपल्याला काय मिळतं? विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात एका बाजूला भिंतीपाशी कुजबुजलं की पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. गोल फिरणाऱ्या छायाचित्रात तो घुमट दिसतो, पण मुका. आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येणं, तेही घराबाहेर मोठ्याने बोलून, ही आमच्यातल्या कित्येकींसाठी साधी गोष्ट नाही. रस्ता चुकणं, अनोळखी बाईला पत्ता विचारणं, आपण कुणाची मुलगी आणि कुणाची सून हे माहीत नसलेल्या माणसांत दिवसभर वावरणं, हे कुठल्याही कॅमेऱ्यात मावत नाही.

म्हणून आजारी, अपंग किंवा फार म्हाताऱ्या माणसांचा व्हर्च्युअल सफरीवरचा हक्क आणि धडधाकट मुलीला दिलेली व्हर्च्युअल सफर या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पहिल्याच्या बाबतीत मागणी वाढवायला हवी. या टूरमधली माहिती बहुतेक वेळा इंग्रजीत असते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांनी आपल्या वस्तू मराठीत आणि उर्दूत, आवाजासह फोनवर आणाव्यात. वाचता न येणाऱ्या खालांनाही त्या पाहायच्या आहेत. दुसरीच्या बाबतीत मात्र सफर ही तयारी असावी. आधी फोनवर पाहा, मग तिकीट काढा.

तिकिटांचा मार्ग थोडा थोडा मोकळाही होतो आहे. 2018 पासून पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांना, किमान चौघींच्या गटाने, मेहरमशिवाय हजला जाता येऊ लागलं. हजसारख्या प्रवासाला चौघी जाऊ शकतात, तर नगरला का नाही? मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गावच्या स्टँडवर आता बायकांची गर्दी दिसते.

पुढच्या महिन्यात आम्ही नगरला जाणार आहोत. लोक ज्याला चांदबिबी महाल म्हणतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत. स्ट्रीट व्ह्यूवर तिचा रस्ता पाहून ठेवला आहे. डबे घरूनच न्यायचे, पहिल्या गाडीने निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असं ठरलं आहे. अकरा जणींची नावं आली आहेत. सहलीची परवानगी न मिळालेली ती मुलगीही त्यात आहे. दोघींच्या घरून अजून होकार आलेला नाही.